पाव्हण्यासाठी झाडलेला रस्ता

आमच्या वस्तीइतके भोळे लोक साऱ्या जालन्यात सापडायचे न्हाईत. मीबी त्यातलीच, पन मी निदान भांडते तरी.

दुष्काळ सरला अन् गाव वाढून राह्यलं होतं. अंबडच्या रस्त्याला आम्ही बौद्ध मंडळींनी नवी घरं बांधली. घरं रस्त्याच्या अल्याड. विहीर, शाळा, हॉटेल सगळं पल्याड. मधून टरका अशा धावायच्या की कोंबडीबी जीव मुठीत धरून पळायची. माझा जीव अडकलेला माझ्या मालकात. दुष्काळी कामावर खदानीत सुरुंग उडवायचे, त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. भोंगा कानाशी वाजला तरी पत्ता न्हाई. अन् मानूस असा हट्टी की रोज पल्याड जायचंच. मी रस्त्याकडं डोळे लावून भाकरी थापायची अन् भाकरी करपायची. मंग करपलेलीच त्यांच्या ताटात वाढायची, भोगा म्हनायची.

वस्तीतल्या अप्पाराव मास्तरांनी अर्ज करून करून सरकारला जागं केलं. वाढत्या वस्त्यांच्या रस्त्यांसाठी निधी आल्ता. गाड्या हळू व्हाव्यात म्हनून आडवा उंचवटा कुठं करायचा, दिवा कुठं लावायचा, हे इंजिनिअर साहेब स्वतः बघून ठरवनार होते.

निरोप आला अन् आमच्या लोकांच्या अंगात आलं. पाव्हना येनार म्हनल्यावर आवरून ठेवायचं, येवढंच आमाला ठावं. बायांनी पानी पहाटेच भरून घेतलं. लेकरं साहेबाच्या पायात येऊ नयेत म्हनून समाजमंदिरात कोंडली. बैलगाड्या थांबवल्या, रस्ता झाडला, वर सडा टाकला. साहेब आले, खुर्चीवर बसले, चांगली दुपार होईस्तोवर बसले. टरका जाऊन राह्यल्या होत्या, पन एक मानूस रस्ता ओलांडंना. शेवटी साहेब म्हनले की निधी थोडा हाये, जिथं लोकांची ये-जा तिथंच देता येईल, इथं तर कुनी दिसलं न्हाई. मास्तरांचं तोंड येवढंसं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हनत्यात ते हेच.

मालकांना यातलं काही ऐकू गेलं न्हाई. त्यांना येवढंच दिसलं, की पाव्हना चहा न घेता उठून राह्यला. घरातलं दूध नासलेलं. त्यांनी लोटा उचलला अन् हॉटेलाकडं निघाले.

मी मान वर केली तर ते रस्त्याच्या मधोमध, अन् वडीगोद्रीकडून टरक भरधाव. भोंगा वाजून राह्यला होता. सारी वस्ती उभी राह्यली, ते मात्र लोटा सांभाळत चाललेले.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढं सारा जनम 'अहो'वर काढला. पन त्या घडीला मला पदराची शुद्ध न्हवती. मी पळत सुटले अन् ओरडले, "भिवा! ए भिवा!"

साऱ्यांनी ऐकलं, साहेबानंबी ऐकलं. ज्याच्यासाठी ओरडले त्यालाच न्हाई. मी त्यांना सदऱ्याला धरून ओढलं, दोघंबी धुळीत पडलो, टरक लोटा चेपून निघून गेली. मी तिथंच बसून त्यांना मारत राह्यले अन् रडत राह्यले. ह्या मानसाबिगर मला जगताच येनार न्हाई, हे मी साऱ्या लोकांसमोर बोलून गेले.

साहेब धावत आले. तवा कुठं मास्तरांना वाचा फुटली अन् त्यांनी सगळं सांगितलं, लेकरं कोंडल्याचंबी. साहेबांनी समाजमंदिराचं दार उघडायला लावलं, बैलगाड्या सोडायला लावल्या, अन् कोरा चहा पिऊन दिवस मावळेपर्यंत पुन्हा बसले. उंचवटा अन् दिवा मंजूर झाला. पुढल्या उन्हाळ्यात कामबी झालं.

त्या संध्याकाळी मालक चुलीपाशी येऊन बसले. शेजाऱ्यांनी त्यांना खुणा करून सांगितलं होतं.

"तू माझं नाव घेतलंस म्हने?"

मी तोंड फिरवलं. त्यांनी हनुवटीला धरून माझं तोंड चिमणीच्या उजेडात आणलं. ओठ दिसल्यावर त्यांना बराबर कळायचं.

"आता घे," म्हनले.

मी घेतलं.

"न्हाई ऐकू आलं. अजून एकदा."

पहिल्यांदाच कळलं होतं, बिलकुल कळलं होतं. तरी मी पुन्हा घेतलं.