पुण्यतिथीचा स्वयंपाक आणि डुकरांचा गॅस

"डुकरांच्या घाणीवर शिजवलेलं जेवण तुझ्या सासऱ्यांपुढे वाढू? डोकं ठिकाणावर आहे ना, न्यान?" सासूबाई कडाडल्या.

ठिकाणावर होतं, म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. हॉलंडची मंडळी आणि आमचं सरकार मिळून गावात घरोघरी टाक्या बांधणार होते. डुकरांची घाण आत, स्वयंपाकाचा गॅस बाहेर. पहिली टाकी मी हट्टाने आमच्या अंगणात बांधून घेतली. पण सासूबाई काही त्या गॅसच्या शेगडीला शिवल्या नाहीत, आणि त्यांचं बघून अख्खी गल्ली शिवेना. इकडे चुलीच्या धुराने त्यांचा खोकला इतका वाढला, की डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं.

आज सासऱ्यांची पुण्यतिथी. टाक्यांच्या कामावरची हॉलंडची आनेके जेवायला आली होती आणि शेजारच्या व्हिनकाकू नुसती गंमत बघायला.

"अहो, मग त्यांनाच विचारा की!" काकूंनी काडी टाकली.

झालं! सासूबाईंनी फोटोपुढे उदबत्ती लावली, बशी आणि दोन जुनी नाणी घेतली. नाणी वेगवेगळ्या बाजूंनी पडली तर होकार, सारखी पडली तर नकार. विचारायचं तीनदाच.

"गॅसवर करू का हो?"

सारखी पडली.

"नीट ऐका. करू का?"

पुन्हा सारखी.

"जन्मभर डुकरं पाळली, आणि आता नाक मुरडतायत बघा!" काकू म्हणाल्या.

"काय म्हणाले ते?" आनेकेने माझ्या कानात विचारलं.

"नाही म्हणाले." मला रडूच येत होतं. "आई, मी चूल पेटवते."

"थांब जरा." सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे बघा, डॉक्टर म्हणतो, चुलीपाशी बसत राहिले तर लवकरच तुमच्याकडे येईन. माझी काही हरकत नाही. येऊ का?"

नाणी बशीत खणखणली.

सारखी.

सासूबाई बाहीने डोळे पुसून हसल्या.

"नको म्हणतात गं," त्या म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? ती तुझी शेगडी कशी पेटवायची, दाखव मला."