विज्दानचं कार्ड

"दुसरी सिस्टिम फुकट मिळते, डॉक्टर, आणि दुरुस्त्याही वेळच्या वेळी येतात," मुंथिर दोन वर्षं सांगत होता. प्रयोगशाळेतले संगणक तोच सांभाळायचा. "आपली सिस्टिम बाजारातल्या चोरीच्या सीडीवरची. तिला कोणी वाली नाही."

"तुझ्या सिस्टिममध्ये पत्त्यांचा खेळ आहे का रे?" कारकून इख्लास विचारायची, आणि मोसुलच्या त्या थॅलेसेमिया केंद्रात हशा पिकायचा. प्रमुख डॉ. सुहैलाही हसायच्या. पडदा ओळखीचा, बोटांना सवय झालेली. चालतंय ना, मग कशाला हात लावा?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सगळे पडदे लाल झाले. कुठल्याशा व्हायरसने नियमित रक्त चढवावं लागणाऱ्या नऊशे मुलांच्या नोंदी कुलूपबंद केल्या होत्या. राखीव प्रत त्याच संगणकाला जोडलेली, तीही गेली.

त्याच दुपारी उम्म कुतैबा, म्हणजे कुतैबाची आई, आपल्या मुलीला, विज्दानला घेऊन आली. चौदा वर्षांची पोर, हिमोग्लोबिन चारवर आलेलं.

"हिला एका जातीचं रक्त चालत नाही, तुम्हीच म्हणाला होतात," आई म्हणाली. "कार्डावर लिहिलं होतं. आता संगणकात आहे म्हणून कार्ड काढून घेतलंत."

सुहैलांना आठवेना. अशी मुलं साठएक तरी होती. नको त्या रक्ताविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं काही वर्षांत इतकी विरळ होतात की चाचणीत सापडत नाहीत. नको ते रक्त पुन्हा गेलं की मात्र उसळतात. थांबावं तर हृदय थकत चाललेलं. त्यांनी दोनदा चाचणी केली. दोन्ही वेळा रक्त जुळलं. चढवलं.

आठव्या दिवशी मुलीची लघवी काळ्या चहासारखी झाली. आता चाचणीत प्रतिपिंड स्वच्छ दिसलं, नावासकट. अकराव्या दिवशी विज्दान गेली.

मुंथिरने नवी सिस्टिम बसवली. पत्त्यांचं कोणी विचारलं नाही.

महिन्याने उम्म कुतैबा धाकट्या कुतैबाला घेऊन आली. त्यालाही तोच आजार.

"मावशी, याची नोंद आता सुरक्षित राहील," मुंथिर म्हणाला. "ही सिस्टिम वेगळी आहे."

"मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं, बाळा."

तिने पिशवीतून विज्दानची अर्धी भरलेली शाळेची वही काढली आणि सुहैलांपुढे कोरं पान उघडलं. "इथे लिहा. हाताने. वही माझ्याकडे राहील."

सुहैलांनी कुतैबाचं नाव लिहिलं, रक्तगट लिहिला.

"तिचंही लिहा. कुठलं चालत नव्हतं ते."

सुहैलांनी लिहिलं. आता त्यांना ते कुठेही बघावं लागलं नाही.