प्रदर्शनातलं लग्न

माझ्या भावाने, देवजीने, चार पंच बसवले आणि मला सगळ्यांदेखत विचारलं, "गोजरा, जमुनाचं लगीन लागलंय का नाय?"

जमुना त्याची मुलगी. तिच्यासाठी तळवलीचा मुलगा ठरवला होता आणि ती म्हणत होती, माझं लग्न झालंय, हिरामणशी. हिरामण मिठागरावर राबणारा, ना जमीन ना होडी. देवजीच्या डोळ्यांत तो खुपायचा.

झालं काय, एकसष्ट साली मुंबईत एक प्रदर्शन भरलं. झोपड्या उभारल्या आणि त्यांत खरी माणसं बसवली, जुन्या काळच्या कपड्यांत. आमच्या नेरूळची जमुना आणि हिरामण तिथे नवरानवरी होते. त्यांनी मांडवात नुसतं उभं राहायचं, लोकांनी बघायचं. मला जुन्या लुगड्यांचं भारी वेड, म्हणून मी मुद्दाम गेले.

आणि बघते तर काय! पोरीला पायघोळ लुगडं, नाकात पुण्याची नथ. माझं टाळकंच सरकलं. "ही आगऱ्याची नवरी का कोनाची?" म्हणत मी दोरी ओलांडून आत शिरले. प्रदर्शन मांडणाऱ्या बाई 'अहो, अहो' करत राहिल्या. पोरीला झोपडीत नेऊन मी गुडघ्यापर्यंत कासोटा घातला, नथ काढली. मग दोघांना बाशिंगं बांधली, हळद लावली. दोघं कशी हौसेने उभी राहिली! सगळं जिथल्या तिथे बसलं आणि मला राहवेना. मी धवलारीण, लग्नाची गाणी, धवले, गाणारी. आमच्यात धवलारणीने मांडवात धवले गायले की लग्न लागतं, भटजी असो नसो. मी गायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपड्यांच्या नादात आपण काय करून बसलो, हे मला घरी आल्यावर कळलं.

आता सगळं माझ्या जिभेवर होतं. नाटक होतं म्हटलं, की पोरगी तळवलीला. पंचांतला वामन हळूच म्हणाला, "गोजराबाय, अर्धेच गायली असशील ना ग?" पळवाट चांगली होती. देवजीने हात जोडले. धाकटा भाऊ, मी कडेवर वागवलेला. मला फार वाईट वाटलं. जमुना खाली मान घालून रडत होती.

"मी धवले अर्धे सोडत नाय," मी म्हटलं. "लगीन लागलंय."

देवजी उठला. "मंग तुझा भाव मेला," म्हणाला आणि निघून गेला.

त्या भाऊबीजेला मी ओवाळायचं ताट करून दारात बसले. तो आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही.