परत आणलेले दिवे

"परवा दुपारी न्यायला या," हॉस्पिटलातली नर्स फोनवर म्हणाली. "आजोबांनी घरी कधी जायचं, घरी कधी जायचं म्हणून आमचं डोकं खाल्लंय."

दिवेवालीने फोन ठेवला आणि ती रडली. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून रडली. सात आठवड्यांपूर्वी तिथल्याच डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन, जवळच्या माणसांना बोलावून घ्या, असं सांगितलं होतं. आणि आता न्यूमोनियाने पार पिळून काढलेले तिचे पंचाहत्तरीचे बाबा स्वतःच्या पायांनी घरी येणार होते. डोळे पुसता पुसता तिला ते घर आठवलं. दुकानातलं स्टूल ओढून तिने त्यावर बसकण मारली.

घरातलं विकण्याजोगं सगळं गेलं होतं. तिनेच विकलं होतं.

दिवेवाली हे नाव तिला बाजाराने दिलं होतं. तिचं दुकान जुन्या सामानाचं. आरसे, घड्याळं, खुंट्या, फुलदाण्या सगळंच असायचं, पण लोक यायचे ते दिव्यांसाठी. दुसऱ्या कुणाच्या घरात दिसणार नाही असा दिवा हवा असेल, तर तिच्याकडे जायचं. आणि जुन्या सामानाच्या धंद्यात एक रीत असते, ती बाहेरच्यांना जरा निर्दय वाटते. माणूस गेलं, की घर लगेच उचलायचं. चार दिवस गेले की नातेवाइकांना एकेका वस्तूत आठवणी दिसायला लागतात, मग बशीसुद्धा हलत नाही. वीस वर्षं दिवेवाली लोकांना हेच सांगत आली होती. सवय इतकी अंगात मुरली, की बाबा हॉस्पिटलात नळ्यांमध्ये पडलेले असताना तिने त्यांचंही घर उचललं. माणूस जायची वाटसुद्धा पाहिली नाही.

तिच्या बाजूने सांगायचं तर एवढंच, की त्या दिवसांत ती भानावर नव्हती. डॉक्टर रोज मान हलवायचे. बाबांच्या त्या दोन खोल्यांत तिला पाऊल टाकवत नव्हतं. आणि नेमक्या तेव्हाच सजावटवाल्या मॅडम दुकानात आल्या. लोकांची घरं सजवून देणाऱ्या या मॅडमना नेहमी काहीतरी वेगळं हवं असायचं, आणि तेही काल. "काही खास आहे का गं?" त्यांनी विचारलं. दिवेवालीच्या तोंडून निघून गेलं, "आहेत. पाच आहेत."

ते पाच दिवे खास होते यात शंकाच नाही. बाबांनी आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या, आणि निवृत्तीच्या सुमाराला त्यांचे डोळे जायला लागले. पुढे पुढे माणसाचा चेहरा दिसेना, वस्तू दिसेनात, फक्त उजेडाचा रंग तेवढा कळायचा. तेव्हा हातपाय गाळून बसायचं सोडून त्यांनी लेकीला दर रविवारी जुन्या बाजारात न्यायला सुरुवात केली. ती रंग सांगायची, ते हाताने चाचपायचे, आणि दोघं दुकानदाराशी भांडून भांडून दिवा घरी आणायचे. दारातून आत येतानाच्या बोळात हिरव्या काचेचा. खुर्चीशेजारी पितळेचा, लांब मानेचा, मधासारख्या उजेडाचा. स्वयंपाकघरात दुधी काचेचा गोळा. न्हाणीपाशी निळा, पलंगाशी लाल. हिरव्याकडून मधाकडे गेलं की खुर्ची, हिरव्याच्या उजवीकडे निळा. बाबा घरात काठी न घेता फिरायचे. आलेल्या पाहुण्याला कळायचंही नाही, की या माणसाला दिसत नाही.

म्हणजे दिवे कशासाठी आहेत हे जगात कुणाला ठाऊक असेल, तर ते तिला. आणि तिनेच ते विकले. गेल्या पाच आठवड्यांत हॉस्पिटलातल्या खाटेवरून बाबांनी कितीदा तरी विचारलं होतं, "माझे दिवे नीट आहेत ना गं?" आणि तिने दर वेळी सांगितलं होतं, "आहेत, बाबा. कुठे पळून जातायत?"

आता परवाच्या आत ते पळालेले दिवे जागेवर आणायचे होते. नाहीतर बाबांना दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या. एक म्हणजे आपल्याला आपल्याच घरात चालता येत नाही. आणि दुसरी म्हणजे आपल्या पोरीने आपल्याला जिवंतपणीच मोडीत काढलं. पहिलीवर काहीतरी उपाय निघाला असता.

मॅडमच्या ऑफिसात पोचल्या पोचल्या तिला पितळी दिवा आणि दुधी गोळा दिसले. मॅडमनी ते स्वतःच्याच टेबलाशी लावले होते.

"परत?" मॅडम हसल्या. "विकलेला माल परत मागायला आलेली तू पहिलीच."

"चुकून गेले हो, मॅडम. दुसऱ्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता."

पहिली थाप. मॅडमनी थोडे आढेवेढे घेतले, पुढच्या वेळी माल आधी मलाच दाखवायचा असं कबूल करून घेतलं आणि दोन्ही दिवे दिले. निळा एका डॉक्टर नवरा-बायकोच्या घरी गेला होता, लाल एका गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे.

"आणि हिरवा?"

"अगं, तो गोडाऊनमध्ये पडला. काचेचा पार चुरा झाला. टाकून दिला."

दिवेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिथे रडून भागणार नव्हतं.

त्या डॉक्टर जोडप्याकडे तिने दुसरी थाप मारली, दिव्यात शॉर्ट सर्किटचा धोका आहे म्हणाली. डॉक्टरीणबाई इतक्या घाबरल्या, की त्यांनी निळा दिवा फडक्यात धरून तिच्या हातात दिला आणि वर आभारही मानले. आभारांनी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाण्याच्या बाई मात्र कच्च्या नव्हत्या. लाल दिवा त्यांच्या तंबोऱ्याशेजारी होता आणि खोलीभर त्याचा ऊबदार उजेड पडला होता. शॉर्ट सर्किटची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"महिनाभर रोज लावतेय. काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सांगा."

दिवसभर खोटं बोलून तिच्या जिभेचा दम संपला होता. तिने सांगून टाकलं. दिवा वडिलांचा आहे, ते आजारी होते, वाचणार नाहीत असं वाटलं, विकला. परवा ते घरी येतायत. त्यांना दिसत नाही.

बाई उठल्या. त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि दिवा तिच्यापुढे ठेवला. तिने पर्स उघडली तर म्हणाल्या, "पैसे नकोत मला. घेऊन जा."

त्या दारापर्यंतही आल्या नाहीत. दिवा मिळाला होता, तरी जिन्यावरून उतरताना दिवेवालीला कुणीतरी फाडकन मुस्काटात मारल्यासारखं वाटत होतं. सगळ्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी तिला इतकं लागलं नसतं.

दुसरा दिवस हिरव्यामागे गेला. जुन्या बाजारात तिने एक दुकान सोडलं नाही. तिला पाहून दुकानदार खुलायचे, कारण ती घासाघीस करायची ती ऐकण्यासारखी असायची. त्या दिवशी ती घासाघीस करेना, तेव्हा एका म्हाताऱ्या भंगारवाल्याने काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" हिरवे दिवे होते, पण एकाचा हिरवा शेवाळासारखा काळपट, दुसऱ्याचा पोपटी भडक. ती प्रत्येक दिवा लावून बघायची, डोळे जवळजवळ मिटून घ्यायची आणि पापण्यांच्या फटीतून कोणता रंग येतो ते पाहायची. बाबांना जेवढं दिसतं तेवढंच बघायचं. चार वाजता एका फुटक्या आरशामागे तिला एक सापडला. आकार वेगळा होता, काचही थोडी निळसर, पण पापण्यांच्या फटीतून तो बोळातला हिरवा वाटत होता. दुकानात नेऊन तिने तो धुतला, पुसला, वायर बदलली, होल्डर बदलला, आणि संध्याकाळी पाचही दिवे बाबांच्या घरात आपापल्या जागी लावले. पलंग, खुर्ची, टेबल होते तसेच होते. भिंतीवरचं घड्याळ आणि आरसा गेले होते. घड्याळ तिने दुकानातलं दुसरं आणून टांगलं. आरशाची बाबांना गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. अंगावर कपडे नुसते लोंबत होते, पण उंबऱ्यात उभं राहून त्यांनी मान अशी वर केली, की दिवेवालीला रडू आवरेना. खिडक्यांचे पडदे तिने मुद्दाम ओढून घेतले होते. बाबांनी तिचा हात सोडला.

"थांब. मला जाऊ दे."

बोळात ते हिरव्यापाशी थांबले. क्षणभर, मग आणखी थोडा वेळ. "हा आपला नाही."

"पडून फुटला, बाबा. मी दुसरा आणला. रंग जमवायचा प्रयत्न केलाय."

बाबांनी काचेवरून हात फिरवला. बोटं खाली बुंध्याकडे, तिथून वायरीवर गेली. वायर त्यांनी चिमटीत धरून वाकवून बघितली. "वायर नवी टाकलीस. शाब्बास, मने. बाजारातून आलेल्या दिव्याची वायर आधी बदलायची. विसरली नाहीस."

तिचा जीव भांड्यात पडला. ती चहा ठेवायला आत गेली, आणि बाबा मधाच्या उजेडाकडे न अडखळता चालत गेले. खुर्ची करकरली. त्यांनी बसल्या बसल्या जुन्या सवयीने दिव्याकडे हात नेला असणार. 

"मने."

"काय बाबा?"

 ती बाहेर आली, तर बाबा पितळी दिव्याची वायर बोटांत धरून बसले होते. नवी, मऊ, गुळगुळीत वायर. घरातल्या पाचही दिव्यांच्या वायरी त्यांनी स्वतः जोडल्या होत्या, जागोजागी चिकटपट्टी लावून, बोटांना कळेल अशा. आणि तिने मॅडमना माल द्यायच्या आधी रीतसर सगळ्या बदलल्या होत्या. जुन्या वायरीने घेणाऱ्याच्या घरात आग लागू नये म्हणून. ही रीत तिला बाबांनीच शिकवली होती. त्यामुळेच परत आणल्यावर त्यात काही चुकलंय हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाबा उठले. स्वयंपाकघरात दुधी गोळ्यापाशी गेले, वायर चाचपली. न्हाणीकडे वळले, निळ्याची वायर चाचपली. मग पलंगाशी लालची. कुठेही ठेचकाळले नाहीत. दिवे नेमके जागेवर होते आणि ते त्यांना एकेक करून बरोबर घेऊन जात होते. दिवेवाली भिंतीला टेकून उभी होती. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी तिला हलता आलं नाही.

पलंगावर बसून बाबांनी विचारलं, "सगळे विकले होतेस?"

तिच्याकडे दोन थापा तयार होत्या. पण तिच्याने बोलवेना. "हो."

"कितव्या दिवशी?"

"नवव्या."

"आणि मी डोळे कधी उघडले?"

"अकराव्या," ती म्हणाली, आणि मग तिला बांध घालता आला नाही. "डॉक्टर म्हणाले होते बाबा, ते म्हणाले काही आशा नाही, मला या घरात पाय ठेववत नव्हता, मला वाटलं..."

"तुला वाटलं मी गेलो." ते रागावले नव्हते. रागावले असते तर तिने पाय धरले असते. "मलाही एकदोनदा तसंच वाटलं होतं म्हणा."

ते हसायला गेले आणि खोकला आला. तिने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी भांडं तिच्या हातात न देता स्वतःच खाली ठेवलं.

"दिवे बंद कर."

"कुठला?"

"सगळे. आता वाटाच शिकायच्या तर भिंती धरून शिकेन. त्यांना काही कुणी विकत नाही."

तिने लाल बंद केला. निळा बंद केला. स्वयंपाकघरातला गोळा, मग खुर्चीजवळचा पितळी. दर वेळी बटणाचा आवाज घरभर झाला. बोळातल्या हिरव्याकडे तिने हात नेला, तेव्हा आतून बाबांचा आवाज आला.

"तो राहू दे. तो तेवढा तू माझ्यासाठी शोधून आणलायस."

तोही त्यांना फसवायलाच आणला होता. हे तिला माहीत होतं, आणि ते सांगायला हवं हेही तिला कळत होतं. पण त्या घरात तिच्या नावावर आता तेवढी एकच चांगली गोष्ट उरली होती, आणि तीही हातची घालवायचं धाडस तिला झालं नाही. तिने बटणावरचा हात काढून घेतला.