आठ महिने गार पडलेली काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे, मित्रांनो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी. दूरच्या देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि जहाजातून मी या दवाखान्यात आले. नऊ वर्षांत तीनशेवर बाळं माझ्या कुशीत वाढली. त्यांच्या आया मला हात जोडायच्या, तेव्हा मला फार संकोच व्हायचा.

मग एका बलाढ्य देशाचं आमच्या सरकारशी बिनसलं. त्याने सैन्य पाठवलं नाही. जगभरच्या बँकांना एवढंच बजावलं, की यांच्याशी व्यवहार केलात तर आमची दारं तुम्हांला बंद. नेमका त्याच सुमारास माझा उष्णता मोजणारा सेन्सर बिघडला.

"कारखाना सेन्सर द्यायला तयार आहे, सिस्टर," मेकॅनिक काका म्हणाले. "पण आपले पैसेच तिथवर पोचत नाहीत. तीन बँकांनी परत पाठवले."

"दवाखान्याच्या सामानाला तर बंदी नाही ना?"

"नाही. पण नसत्या भानगडीत कोण पडणार?"

मला कोपऱ्यात सारून वर चादर टाकली गेली. त्याच आठवड्यात सातव्या महिन्यातच एक मुलगी जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. सिस्टरांनी तिला आईच्या उघड्या छातीशी बांधलं. आई थकली की बाप, बाप थकला की मावशी. चाळीस दिवस त्या घराने तिला खाली ठेवलं नाही. चादरीआडून मी तिचं रडणं ऐकायचे. ते दिवसागणिक खणखणीत होत गेलं. मला आनंद व्हायचा, आणि आपला काही उपयोग नाही म्हणून जीवही तुटायचा.

काका पत्रं लिहीत राहिले. कारखान्याच्या कचेरीतल्या एका बाईंनी ती मनावर घेतली आणि त्या बलाढ्य देशाने काढलेला निर्बंधांचा कागद घेऊन बँकांचे उंबरे झिजवले. अखेर एका छोट्या बँकेच्या व्यवस्थापकाने तो कागद शेवटपर्यंत वाचला. दवाखान्यांना सूट असल्याचं चौदाव्या पानावर लिहिलेलंच होतं.

आठ महिन्यांनी सेन्सर आला. काकांनी तो बसवला.

"किती दाखवतोय?" सिस्टरांनी विचारलं.

"पस्तीस," काका म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

मित्रांनो, मोठ्यांची भांडणं तुम्हा-आम्हाला विचारून होत नाहीत. पण उद्या तुमच्यापैकी कुणी बँकेत बसेल, कुणी सरकारात. तेव्हा कुणाला 'नाही' म्हणण्याआधी हातातला कागद पुरता वाचा. आणि आता जरा हळू बोला. आत कालच आलेलं बाळ निजलं आहे.