रक्तातलं खमीर

इक्बालभाईंची पावाची बेकरी भिवंडीत सगळ्यांना ठाऊक. चौऱ्याण्णव साली त्यांच्या आतड्याला भोक पडलं. ऑपरेशन नीट झालं, पण ताप हटेना. सलाईनची नळी मानेच्या शिरेत, अँटिबायोटिकांचा मारा चालूच, आणि अंग तापलेलं.

रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट आला. त्यात यीस्ट निघालं.

"तपासणीच्या बाटलीत बाहेरून पडलं असेल," सर्जन डॉ. अवधूत म्हणाले. "त्यातून हा बेकरीवाला. पुन्हा तपासू."

"तपासू, पण थांबायचं नाही," फिजिशियन डॉ. सुमती कर्णिक म्हणाल्या. "रक्तात यीस्ट सापडलं की ते खरंच धरायचं. वाट बघत बसलो तर माणूस हातचा जाईल. औषध आजच सुरू करू. ती नळीही काढा."

इक्बालभाईंची बायको मेहरुन्निसा दारातून ऐकत होती. तिला एकच शब्द कळला: यीस्ट, म्हणजे बेकरीतलं खमीर. सुमतीबाई खोलीत पोचल्या तेव्हा तिनं नवऱ्याची ब्लँकेटं ओढून काढली होती आणि पंखा फुल्ल केला होता. इक्बालभाई कुडकुडत होते.

"भाभी, हे काय?"

"खमीर हाय ना रक्तात? उबेत ठेवलं तर फुगंल न्हाय का!"

"चाय पण फिकी देते, साखरेनं खमीर फुगंल म्हणते," इक्बालभाई कण्हले. "डॉक्टर, इतकी वर्षं पाव केले, पण चिमटीभर खमीर तोंडात न्हाय टाकलं. अल्ला कसम!"

सुमतीबाईंना हसू आवरेना. "तुमचं खमीर नाही हो हे, त्याचं चुलत भावंड. आपल्या पोटात निमूट राहतं. औषधांनी बाकीचे जंतू मारले, त्याला रान मोकळं मिळालं. आतडं फाटलेलं, शिरेत नळी, शिरलं रक्तात. आता ते हृदयात, डोळ्यात, कुठेही घर करेल."

डोळ्यांचे डॉक्टर आले. ते बॅटरीनं आत बघत असताना मेहरुन्निसा त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"फुगलंय का?"

"पडद्यावर पांढरा ठिपका आहे. वेळेत सापडला."

औषध भलतंच कडक होतं. बाटली लागली की इक्बालभाई पलंगासकट थडथडत आणि हिंदीतून सगळ्यांचा उद्धार करत. पण ताप उतरला, रक्त स्वच्छ आलं, ठिपकाही हळूहळू पुसला गेला.

घरी सोडायच्या दिवशी सुमतीबाई वॉर्डात आल्या, तर मेहरुन्निसा पाय मोडलेल्या गणेशपुरीच्या एका शेतकऱ्याला दटावत होती, "ताप आला तर रक्त तपासा. यीस्ट निघालं तर मजाक न्हाय. आणि डोळे दाखवा!"

प्लास्टरमधला पाय टांगलेला तो माणूस निमूटपणे पापणी खाली ओढून तिला डोळा दाखवत होता.