सात पायऱ्या आणि उलटा ताव

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर निम्मी गोष्ट खांबाच्या वाट्याला जाईल, आणि खांबाला हसता येत नाही. आज एका भाकिताची गोष्ट ऐकवायची आहे. घाबरू नका, शेवटी सगळे पोटभर जेवून उठतात.

एका गावात तीनशे वर्षांपूर्वी एक आंधळा घड्याळजी होता. घड्याळ कानाला लावून ते कुठं अडलंय हे सांगे, आणि कुणी विचारलं नाही तरी पुढं काय होणार तेही सांगे. त्याची भाकितं कुणीतरी छापली आणि गाव त्या पुस्तकाच्या नादी लागलं ते लागलंच. पूर आला, काढा पुस्तक. पुढारी पडला, काढा पुस्तक. घडून गेलेली गोष्ट त्यात हमखास सापडायची. घडायच्या आधी मात्र ती एकाही शहाण्याला सापडली नव्हती.

पुस्तकाची मूळ प्रत ग्रंथालयात होती. तिचा कणा निखळला, तेव्हा ती नव्या बांधणीसाठी बाइंडरमामाकडे आली. मामा पासष्टीचा, डावखुरा, नखांत कायम वाळलेली खळ. दुकानावर पाटी होती: ‘इथं पान जागचं हलत नाही.’ मामा सगळ्या गावाचा असला तरी खरा एकीचाच. बहिणीमागं तिची लेक त्यानं वाढवली होती. दोघं दुकानावरच्या खोलीत राहत. खाली यायला लाकडी जिना होता आणि त्याच्या पायऱ्या होत्या सात.

तिथंच घोडं अडलं. भाचीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मुलगा खिडक्यांना काचा बसवणारा, हसतमुख, कामाचा वाघ. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं. ही आत्या घड्याळजीची स्वस्त आवृत्ती पिशवीत घेऊनच फिरायची. त्यात लिहिलेलं होतं:

‘सात पायऱ्या उतरून नवरी ज्या घरी जाईल, छपराला आग लागेल आणि तीन रांगा रडतील.’

चाळीस वर्षांत गावातल्या तीन आगी या ओळीवर खपल्या होत्या. दरवेळी कुणीतरी कुठल्या तरी नवरीच्या पायऱ्या मोजून यायचं.

“मामा, मुलगी लाखात एक आहे,” आत्या दुकानात येऊन म्हणाली. “पण सात म्हणजे सात.”

“आठवी पायरी मी ठोकून देतो ना!” मागून काचवाला म्हणाला.

“गप रे! घड्याळजीला फसवतोस? त्याला दिसत नव्हतं, मोजता येत होतं.”

“मग मी खिडकीतून उतरते, आत्या,” भाची म्हणाली. “शिडी तुमच्या भाच्यानं धरावी. नाहीतरी जन्मभर तेच करायचंय त्याला.”

आत्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं. “वर्ष उलटू दे. मग बघू.”

ती गेली. भाची जिना चढून वर गेली, आणि सतत बडबडणाऱ्या त्या पोरीचा आवाज दुपारपर्यंत आला नाही. मामाला ते ऐकवेना. त्यानं कामाला हात घातला. पुस्तकाची जुनी शिवण तो उसवू लागला.

दोरा ओढला आणि तो थबकला. गाठ डाव्या हाताची होती. त्याचीच! चाळीस वर्षांपूर्वी, वस्तादांच्या हाताखाली, हे पुस्तक त्यानंच शिवलं होतं. तेव्हा एक ताव भिजून फाटला होता. तो धुऊन, वाळवून, खालच्या काठाला पट्टी चिकटवून त्यानं पुन्हा घडी घातली होती. आठवलं तसं त्यानं ओल्या फडक्यानं ती पट्टी सोडवली. खाली, कोपऱ्यात, बारीक ठशात एक शब्द निघाला: ‘त्या’.

जुने छापणारे पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापत, बांधणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. ‘सात पायऱ्या’च्या पानाखाली ‘त्या’ होता, आणि पुढचं पान सुरू होत होतं ‘छपराला’नं. मामानं तावाची घडी उलटी घालून पाहिली. पानं आपापल्या जागी जाऊन बसली.

ताव चाळीस वर्षं आतलं बाहेर करून शिवलेला होता. स्वस्त आवृत्तीही त्यावरूनच छापलेली.

पण त्याच्या हातून असं कसं झालं? मग लख्ख उमगलं. डावखुऱ्यानं ताव उचलला की घडी उलटी पडते. वस्ताद रोज सकाळी त्याच्या आधी येत आणि तावांची चळत फिरवून ठेवत. कधी बोलले नाहीत, कधी हात बदल म्हणाले नाहीत. मामा आजवर समजत होता की चळत अशीच असते, आणि पुढं स्वतःही ती तशीच लावत आला होता. त्या एका दिवशी वस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते.

मामा स्टुलावर बसला आणि डोळे पुसत हसत सुटला.

आता गाठ पाटीशी होती. गप्प राहिला तर पाटी शाबूत, पोरगी वर्षभर जिन्यावर. बोलला तर सारं गाव म्हणणार, पान हलवणारा हाच! मामानं देवाला हात जोडले, पाटी उतरवली आणि काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात घड्याळजीच्या तीनशे वर्षांचा सोहळा होता. निवृत्त हेडमास्तर रंगात आले होते: “‘ओलं गवत कोठीत कोंबाल, तर राजा मुकुट टाकून पळेल!’ ओलं गवत म्हणजे हिरव्या गणवेशातलं सैन्य, हे उघड आहे!”

“मास्तर, ओलं गवत म्हणजे ओलं गवत,” मामा उठला. पाटी त्यानं टेबलावर पालथी ठेवली. “चाळीस वर्षांपूर्वी हा ताव मी उलटा शिवला. चूक माझ्या हाताची आहे, घड्याळजीची नाही. हे पाहा, पानाखालचे शब्द.” आणि त्यानं वाचलं:

‘ओलं गवत कोठीत कोंबाल, तर छपराला आग लागेल आणि तीन रांगा रडतील.’

मग मागून एक म्हातारा गवळी ओरडला, “अहो, हे तर माझा बापही सांगायचा! ओलं गवत आतून तापतं आणि आपसूक पेटतं!”

सभा खो खो हसली. हेडमास्तर आधी लाल झाले, मग तेही हसले. आत्या मात्र पुढं आली. “आणि सात पायऱ्यांचं काय?”

मामानं पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: “‘सात पायऱ्या उतरून नवरी ज्या घरी जाईल, त्या घराच्या खिडक्या मोकळ्या होतील, हसू गल्लीभर जाईल.’”

तिच्या घरच्या खिडक्या भाऊ गेल्यापासून बंद होत्या. घरात काचवाला असून! आत्यानं पुस्तक हळूच मिटलं.

“मी पहिल्यापासून म्हणत होते,” ती भाच्यावर कडाडली, “सात पायऱ्यांचीच मुलगी हवी! बघतोस काय? जा, खिडक्यांचे खिळे काढ!”

“आणि आठवी पायरी?”

“ठोकशील तर याद राख!”

लग्न ठरल्या दिवशीच झालं. भाची सात पायऱ्या मोजत उतरली, आणि मोजणीला अख्खी गल्ली होती. पाटी पुन्हा लागली. खाली मामानं स्वतः एक ओळ वाढवली: ‘एकदा हललं होतं.’ तेव्हापासून गिऱ्हाईक वाढलं.

आता उठा, जेवण थांबलंय. एवढं मात्र मनात ठेवा: उद्या एखादं पुस्तक उघडाल आणि पानामागून पान नीट येईल, तेव्हा त्या वस्तादांची आठवण काढा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, चकार शब्द न बोलता, चळत फिरवून ठेवायचे ते.